मार्कर मॅपिंगसाठी संततीसमूह कसा निवडावा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तूर, कापूस, धान, ज्वारी आणि सोयाबीन या विदर्भातील पिकांवर पदव्युत्तर संशोधन करणारे विद्यार्थी, प्रक्षेत्रावर राबणारे सहायक आणि आपल्या वावराचा तुकडा चाचणीसाठी देणारे शेतकरी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. माझे बहुतेक काम तुरीवर झाले असल्याने उदाहरणेही तुरीचीच जास्त आहेत. प्रयोगशाळेत मार्कर कोणते वापरायचे हा प्रश्न विद्यार्थी सर्वांत आधी विचारतात. माझ्या मते तो सर्वांत शेवटचा आहे, कारण मार्करचे तंत्र दर काही वर्षांनी बदलते, पण चुकीच्या पालकांपासून तयार केलेला समूह कोणत्याही तंत्राने दुरुस्त होत नाही.

मार्कर मॅपिंग म्हणजे काय, आणि त्यासाठी वेगळा संततीसमूह कशाला लागतो?

एकाच गुणसूत्रावर जवळजवळ असलेली जनुके बहुधा एकत्रच पुढच्या पिढीत जातात आणि दूर असलेल्यांची ताटातूट अधिक वेळा होते. ही ताटातूट किती वेळा झाली ते मोजून स्टर्टेव्हंट यांनी १९१३ मध्ये फळमाशीच्या जनुकांचा पहिला नकाशा काढला. पुढे १९२३ मध्ये सॅक्स यांनी घेवड्यामध्ये दाण्याच्या सालीचा रंग आणि दाण्याचे वजन यांचा संबंध दाखवला, म्हणजे डोळ्यांना सहज दिसणारी एक खूण वजनासारख्या मोजून काढाव्या लागणाऱ्या गुणाशी जोडलेली असू शकते हे सिद्ध केले. आजचे डीएनए मार्कर तीच खूण आहेत, फक्त ती वावरात दिसत नाही, पानाच्या तुकड्यातून वाचावी लागते.

ताटातूट मोजायची तर दोन वेगळ्या पालकांची संतती हवी, आणि तीही अशी की जिच्यात प्रत्येक झाडाच्या वाट्याला पालकांचे वेगवेगळे तुकडे आले आहेत. अशा संततीला सगळे ‘मॅपिंग पॉप्युलेशन’ म्हणतात. येथे मी तिला संततीसमूह म्हणतो.

आधी समूहाचा प्रकार ठरवावा की पालक?

पालक आधी ठरवावेत. ज्या गुणाचा शोध घ्यायचा आहे त्या गुणात दोन्ही पालक ठळकपणे वेगळे असले पाहिजेत आणि तो फरक आपल्या स्वतःच्या वावरात, किमान दोन हंगाम, आपण डोळ्यांनी पाहिलेला असला पाहिजे. जुन्या अहवालात ‘प्रतिकारक’ असे लिहिलेले आहे एवढ्यावर विसंबू नये, कारण रोगाचे प्रकार भागानुसार बदलतात. तुरीत आयसीपी ८८६३, म्हणजे मारुती, हा वाण मर रोगास प्रतिकारक आहे पण वांझ रोगाला बळी पडतो, तर आयसीपीएल ८७११९, म्हणजे आशा, हा वाण दोन्ही रोगांस प्रतिकारक म्हणून ओळखला जातो. या दोघांच्या संकरात वांझ रोगाचा अभ्यास अर्थपूर्ण ठरेल, पण मर रोगासाठी हीच जोडी घेतली तर बहुतेक संतती निरोगीच दिसून हाती काही लागणार नाही.

दुसरी गोष्ट शुद्धतेची आहे. तुरीच्या फुलांवर मधमाश्या मोठ्या प्रमाणावर येतात आणि परपरागण बरेच होते, त्यामुळे पोत्यातले बी घेऊन थेट संकर करणे योग्य नाही. पालकांची निवडक झाडे मलमलीच्या पिशव्यांत किंवा जाळीखाली काही पिढ्या स्वफलित करून घ्यावीत.

तिसरी गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात उशिरा येते. एक पालक लवकर येणारा आणि दुसरा उशिरा येणारा असेल, तर कोरडवाहू वावरात उशिरा येणाऱ्या संततीला शेवटच्या टप्प्यात ओल कमी पडते आणि तिचे उत्पादन घटते. मग नकाशावर ‘उत्पादनाचे जनुक’ म्हणून जे स्थान दिसते ते खरे तर फुलोऱ्याच्या दिवसांचे असते. शेंगा पोखरणाऱ्या अळीच्या बाबतीतही हाच घोटाळा होतो, कारण जे झाड अळीचा जोर असताना फुलोऱ्यात नव्हते ते प्रतिकारक नसतानाही वाचते. म्हणून फुलोऱ्याच्या काळात सारखे असणारे पालक मिळत असतील तर तेच घ्यावेत.

पालकांत मार्करचे फरकच सापडत नसतील तर?

लागवडीखालील तुरीच्या वाणांत जनुकीय विविधता कमी आहे, त्यामुळे ही अडचण जुनीच आहे. पूर्वी अनेक जण त्यासाठी कजॅनस स्कॅराबॉइडिस या रानटी नातलगाशी संकर करीत. मार्कर भरपूर मिळत, पण शेंगा फुटणे, बारीक व टणक दाणे असे रानटी गुणही संततीत उतरत आणि शेतकऱ्याच्या उपयोगाचा गुण त्या गर्दीत शोधावा लागे. तुरीचा संपूर्ण जनुकसंच २०१२ मध्ये आशा याच वाणावरून वाचला गेला, आणि त्यानंतर एकेका अक्षराच्या फरकावर आधारलेले एसएनपी मार्कर इतके उपलब्ध झाले की दोन लागवडीच्या वाणांतही पुरेसे फरक सापडतात. आज मी विद्यार्थ्यांना रानटी पालकाकडे तेव्हाच जायला सांगतो जेव्हा हवा असलेला गुण लागवडीच्या वाणांत मुळीच नसतो.

पहिल्या पिढीचे झाड खरोखर संकरित आहे हे कसे ओळखावे?

या प्रश्नावर मी मुद्दाम थांबतो, कारण माझी स्वतःची दोन वर्षे येथे वाया गेली आहेत.

तुरीत संकर करताना दुसऱ्या दिवशी उमलणारी कळी घेऊन चालत नाही. उमलण्याच्या आधीच तिच्यातले परागकोश फुटलेले असतात. पूर्ण वाढलेल्या कळीच्या साधारण दोन-तृतीयांश आकाराची कळी निवडून, चिमट्याने पाकळ्या हलकेच बाजूला सारून आतले दहाही पुंकेसर काढावे लागतात. नऊ एकत्र जुळलेले असतात आणि दहावा सुटा असतो. हा सुटा दहावा राहून गेला की त्याच झाडाचे पराग त्याच फुलावर पडतात, शेंग धरते, आपण तिला रंगीत दोरा बांधतो आणि ती संकराची शेंग समजून जपतो. माझ्या एका संकरात असेच घडले होते. एकाच झाडापासून दुसरी पिढी वाढवली, शेकडो पाने गोळा केली आणि मार्कर लावल्यावर सगळी संतती आईसारखीच निघाली.

त्यानंतरचा माझा नियम असा आहे: पहिल्या पिढीच्या प्रत्येक झाडाचे पान दोन्ही पालकांच्या पानांसोबत, पालकांना वेगळे दाखवणाऱ्या किमान चार-पाच मार्करने तपासायचे. ज्या झाडात दोघांचीही खूण एकत्र दिसते त्याच झाडाचे बी पुढे न्यायचे, आणि शक्य असेल तर संपूर्ण समूह अशा एकाच झाडापासून वाढवायचा.

दुसरी पिढी, म्हणजे एफ२, केव्हा पुरेशी असते?

वेळ कमी आहे आणि गुण एका-दोन मोठ्या जनुकांचा आहे, तेव्हा ती पुरेशी असते. पूर्व विदर्भातील धानावर येणारी गादमाशी हे चांगले उदाहरण आहे. रोवणीनंतर बळी पडलेल्या फुटव्यात पानाऐवजी चंदेरी पोंगा दिसतो, प्रतिकारक झाडात दिसत नाही, त्यामुळे झाडांची वर्गवारी ‘आहे’ किंवा ‘नाही’ अशी सरळ करता येते. एफ२ मध्ये दोन्ही पालकांची समयुग्मी रूपे (जनुकाच्या दोन्ही प्रती सारख्या) आणि मधले विषमयुग्मी रूप (दोन प्रती वेगळ्या) १:२:१ या प्रमाणात दिसतात, म्हणून जनुक प्रभावी आहे की अप्रभावी हेही कळते. शिवाय प्रत्येक झाडात दोन युग्मकांची, म्हणजे नर व मादी जननपेशींची, माहिती असते, म्हणजे १०० झाडांत २०० युग्मके तपासली जातात.

उणीव अशी की एफ२ चे प्रत्येक झाड एकमेव असते. ते मेले की संपले. मर रोगाने झाड सुकण्याआधीच, तीन-चार पाने आली असताना, त्याचे कोवळे पान सिलिका जेलच्या पुडीत टाकून त्यावर क्रमांक घालून ठेवावा लागतो. एका झाडाचे उत्पादन मोजून त्यावर निष्कर्ष काढणे तर मला मुळीच मान्य नाही, कारण शेजारचे झाड मेले तर उरलेल्या झाडाला जागा मिळते आणि ते उगाच भरते.

यावर उपाय म्हणून एफ२ च्या प्रत्येक झाडाचे बी वेगळे लावून एफ३ कुटुंबे तपासतात. एका कुटुंबातील किमान १६ झाडे पाहावीत. मूळ झाड विषमयुग्मी असूनही, प्रतिकारकता प्रभावी असताना, १६ च्या १६ झाडे निरोगी निघण्याची शक्यता तीन-चतुर्थांशाचा सोळावा घात, म्हणजे सुमारे १ टक्का, इतकी कमी असते.

मग सगळे मार्गदर्शक आरआयएल करा असे का सांगतात?

आरआयएल (रिकॉम्बिनंट इनब्रेड लाइन) म्हणजे एफ२ च्या प्रत्येक झाडापासून दर पिढीत एकच दाणा पुढे नेत, स्वफलनाने स्थिर केलेल्या वंशावळी. विषमयुग्मी स्थानांचे प्रमाण दर पिढीत निम्मे होते, म्हणजे एफ२ मध्ये ५० टक्के असलेले प्रमाण एफ६ मध्ये ३.१ आणि एफ८ मध्ये ०.८ टक्क्यांवर येते. त्यानंतर वंशावळ जशीच्या तशी राहते. तिचे बी वाढवून अकोल्यात, यवतमाळात आणि बुलडाण्यात एकाच वर्षी लावता येते, पुनरावृत्ती ठेवता येते आणि दहा वर्षांनी दुसऱ्या गुणासाठी पुन्हा काढता येते. उत्पादन, दुष्काळ सहन करणे, दाण्यातील तेल अशा अनेक जनुकांच्या गुणांना याच्याइतका भरवशाचा दुसरा आधार नाही.

आणखी एक लाभ आहे. अनेक पिढ्यांत जनुकांच्या ताटातुटीची संधी पुन्हा पुन्हा मिळते. एका पिढीत दोन मार्करमधील ताटातुटीचे प्रमाण आर असेल, तर स्वफलनाने केलेल्या आरआयएलमध्ये ते दोन आर भागिले एक अधिक दोन आर इतके होते. हॅल्डेन आणि वॉडिंग्टन यांनी हे १९३१ मध्येच मांडले होते. म्हणजे जे अंतर एका पिढीत ५ टक्के दिसते ते आरआयएलमध्ये सुमारे ९ टक्के दिसते, आणि जवळचे मार्कर एकमेकांपासून वेगळे करणे सोपे जाते.

अडचण काळाची आहे. ज्वारीचे खरीप आणि रब्बी, धानाचे खरीप आणि उन्हाळी असे दोन हंगाम घेता येतात, पण मध्यम मुदतीची तूर वर्षात एकदाच येते. संकर, पहिली पिढी आणि पुढच्या पिढ्या मिळून आठ-नऊ वर्षे जातात, आणि पदव्युत्तर पदवी दोन वर्षांची असते. म्हणून आरआयएल एका विद्यार्थ्याने करायची वस्तू नाही. विभागाने ती सुरू करावी, प्रत्येक तुकडीने एक-दोन पिढ्या पुढे न्यावी, आणि जो शेवटी मार्कर लावेल त्याने आधीच्या सर्वांची नावे शोधनिबंधात घालावीत. तसे घडत नाही याचे मला मनापासून वाईट वाटते.

बॅकक्रॉस आणि डबल हॅप्लॉइड यांचे काय?

बॅकक्रॉसमध्ये पहिल्या पिढीचा संकर पुन्हा एका पालकाशी होतो. चांगल्या वाणात एखादाच गुण आणायचा असेल तर हाच मार्ग, कारण नकाशा आणि नवा वाण दोन्ही सोबत पुढे सरकतात. सहा वेळा बॅकक्रॉस केल्यावर मूळ वाणाचा सरासरी ९९.२ टक्के वारसा परत येतो आणि मिळालेल्या वंशावळीत फक्त हव्या जनुकाचा तुकडा वेगळा राहतो. मोठ्या समूहात सापडलेले स्थान खरे आहे की नाही, याची सर्वांत स्वच्छ परीक्षा अशा वंशावळीवर होते.

डबल हॅप्लॉइडमध्ये परागकोशापासून रोपे वाढवून त्यांची गुणसूत्रे दुप्पट करतात आणि पूर्ण शुद्ध वंशावळ एका झटक्यात मिळते. ज्या पिकांत हे तंत्र बसले आहे तेथे ते उत्तम. तुरीत आणि सोयाबीनमध्ये ते रोजच्या वापराचे झालेले नाही, म्हणून आपल्याकडे त्यावर योजना बेतू नये.

किती वंशावळी पुरतात?

फक्त नकाशा मांडायचा असेल तर १५० ते २०० वंशावळींवर काम भागते. अनेक जनुकांच्या गुणांसाठी मी २०० हा तळ मानतो. समूह लहान असला की दोन तोटे एकदम होतात: लहान परिणामाची जनुके सुटतात, आणि जी सापडतात त्यांचा परिणाम प्रत्यक्षापेक्षा फार मोठा दिसतो. या दुसऱ्या दोषाला बीव्हिस प्रभाव म्हणतात. ६०-७० वंशावळींवर ‘४० टक्के फरक स्पष्ट करणारे स्थान’ सापडल्याचे वाचले की त्यावर लगेच विश्वास ठेवू नये. जनुकाच्या अगदी जवळ पोहोचायचे असेल तर मात्र हजाराहून अधिक झाडे लागतात, पण तेव्हा सगळ्यांवर सगळे मार्कर लावायची गरज नसते. शेजारच्या दोन मार्करने आधी ताटातूट झालेली झाडे वेचून घ्यावीत.

पैसे कमी असतील तर?

मिशेलमोर आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये सॅलडच्या लेट्यूस या पिकात दाखवलेली पद्धत वापरावी. समूहातील टोकाची दहा-वीस प्रतिकारक झाडे घेऊन त्यांचा डीएनए एका नळीत, तेवढ्याच रोगट झाडांचा दुसऱ्या नळीत एकत्र करावा, आणि दोन नळ्यांत जो मार्कर वेगळा दिसेल तोच पुढे प्रत्येक झाडावर तपासावा. ठळक गुणांसाठी ही पद्धत फार उपयोगी आहे. एक झाड चुकीच्या नळीत पडले तर मात्र सगळे गढूळ होते.

दोनच पालक का? अनेक वाण एकत्र घेता येत नाहीत का?

येतात. मक्यामध्ये बी७३ या एका वाणाशी २५ वेगवेगळ्या वाणांचा संकर करून, प्रत्येकाच्या २०० प्रमाणे ५,००० आरआयएल तयार केल्या गेल्या. त्या रचनेला नॅम म्हणतात. मॅजिक या रचनेत चार, आठ किंवा अधिक पालक एकमेकांत गुंफतात. आणि संकर न करता गावोगावचे जुने वाण गोळा करून त्यांच्यावरच मार्कर व गुण यांचा संबंध शोधता येतो. या शेवटच्या पद्धतीत वाणांची आपसातली नाती तपासलीच पाहिजेत. झाडीपट्टीतले, म्हणजे पूर्व विदर्भातले, धान एका गोतावळ्यातले आणि पश्चिमेकडचे दुसऱ्या गोतावळ्यातले असतील, तर दोन्ही भागांत फरक दाखवणारा कोणताही मार्कर गुणाशी जोडलेला भासतो आणि तो भास असतो.

वावरातली निरीक्षणे इतकी महत्त्वाची का मानता?

कारण मार्करचे वाचन आज फार क्वचित चुकते, आणि वावरातली नोंद दररोज चुकू शकते. मर रोगासाठी रोगट वावर तयार करताना वर्षानुवर्षे त्याच जागी तूर घेऊन, सुकलेल्या झाडांचे तुकडे मातीत मिसळून बुरशी वाढवतात. तरीही ती सगळीकडे सारखी पसरत नाही. म्हणून दर काही तासांनंतर, म्हणजे पेरणीच्या ओळींनंतर, बळी पडणाऱ्या वाणाचा एक तास पेरावा. तो वाण जेथे जवळजवळ पूर्ण मेला तेथल्याच नोंदी ग्राह्य धराव्यात. तो जेथे हिरवा उभा आहे तेथे शेजारची वंशावळ प्रतिकारक आहे असे म्हणण्याला आधार नाही.

सुकलेले प्रत्येक झाड मर रोगाचेच असते असेही नाही. काळ्या भारी जमिनीत उताराच्या टोकाला पाणी साचून वावर चिबडते आणि झाडे मुळे गुदमरून मरतात. बुंध्यापासून वर चढणारा जांभळट पट्टा दिसतो का, आणि खोड उभे चिरल्यावर आत काळपट रेषा आहेत का, हे पाहूनच नोंद करावी. रोही किंवा रानडुकराने खाल्लेल्या तासापुढे शून्य लिहू नये, तेथे ‘नोंद नाही’ असेच लिहावे. डवरणीत मोडलेल्या झाडांनाही हाच नियम लागू आहे.

कापसासाठी वेगळा विचार करावा लागतो का?

होय. अमेरिकन कापसात ५२ आणि देशी कापसात २६ गुणसूत्रे असतात, त्यामुळे या दोघांच्या संकरात ३९ गुणसूत्रांचे वंध्य झाड मिळते आणि त्यापासून सरळ समूह होत नाही. अमेरिकन वाणांचा आपसात संकर केला तर मार्करचे फरक कमी मिळतात. म्हणून धाग्याच्या गुणांसाठी लांब धाग्याच्या बार्बाडेन्स प्रजातीशी संकर फार वापरला गेला आहे, पण त्याच्या पुढच्या पिढ्यांत अनेक झाडे खुरटी किंवा वांझ निघतात आणि काही मार्करची प्रमाणे बिघडतात. बाजारातील संकरित कपाशीची सरकी पेरली तर एफ२ मिळतेच, मग तीच का वापरू नये, असे एका शेतकऱ्याने मला विचारले होते. प्रश्न अगदी रास्त आहे. पण त्या संकराचे पालक आपल्याकडे नसतात, त्यामुळे कोणती खूण कोणाकडून आली हे थेट पडताळता येत नाही, आणि पालकांत गुणाचा फरक होता की नाही हेही कळत नाही.

संत्र्याच्या झाडांवर हे सगळे कसे करायचे?

नागपुरी संत्र्याच्या एका बीतून अनेक अंकुर येतात आणि त्यांतले बहुतेक आईचीच हुबेहूब नक्कल असतात, म्हणून पेरलेले प्रत्येक रोप संकरित समजू नये. डिंक्या रोगाला प्रतिकारक खुंट शोधताना त्रिपर्णी संत्र्याचे पराग वापरण्याची सोय येथे कामी येते. तीन पर्णिकांचे पान हा प्रभावी गुण असल्याने, ज्या रोपाला तीन पर्णिका आल्या ते संकरित आणि ज्याला एकच पान आले ते आईची नक्कल, हे वाफ्यातच उभे राहून सांगता येते. फळझाडांचे पालक स्वतःच विषमयुग्मी असल्यामुळे पहिल्या पिढीतच गुण वेगळे होतात, म्हणून तीच पिढी समूह म्हणून वापरतात. आठ पिढ्यांची वाट पाहण्याचा प्रश्नच येत नाही.

शेतकऱ्याचा वाण पालक म्हणून घेतला तर परवानगी लागते का?

पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियम, २००१ मधील कलम ३० प्रमाणे नोंदणीकृत वाण संशोधनासाठी वापरण्यास मुभा आहे. तरीही ज्या घरातून बी आणले त्या घराचे व गावाचे नाव नोंदवहीत पहिल्याच पानावर लिहावे, असे माझे ठाम मत आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या बांधीतून वेचून काढलेले एचएमटी धान दूरवर पोहोचले, ही गोष्ट या भागात प्रत्येकाला ठाऊक आहे.

समूहाचे बी कसे जपावे?

प्रत्येक वंशावळीचे बी दोन ठिकाणी ठेवावे, एक पेरणीसाठी आणि एक न उघडण्यासाठी. तुरीचे बी कडक वाळवून हवाबंद बरणीत भरावे, कारण भुंगेरा एकदा शिरला की पावसाळ्याआधीच दाण्यांचे पीठ होते. शाईने लिहिलेली चिठ्ठी बरणीच्या बाहेर चिकटवली तरी तोच क्रमांक पेन्सिलीने लिहिलेली दुसरी चिठ्ठी आत टाकावी. शाई ओलीने पुसते, पेन्सिल पुसत नाही. बी वाढवताना तुरीच्या वंशावळी जाळीखालीच घ्याव्यात, आणि दर वाढवणीनंतर काही वंशावळींवर जुने मार्कर पुन्हा लावून पाहावेत. खूण बदललेली दिसली तर त्या बरणीतले बी फेकून न उघडलेल्या बरणीतून नव्याने पेरावे.